जास्त फेऱ्यांना इनलेट कॅम मागे का जातो? व्हीव्हीटीच्या नोंदी घेतल्या आणि अडकलो

आलेखवेडा:

नमस्कार मंडळी. इंजिनांबद्दल खूप वाचतो, पण स्वतः इंजिन उघडण्याचा अनुभव शून्य. त्यामुळे प्रश्न पायाभूत वाटला तरी कृपया सविस्तर सांगा.

माझ्या गाडीत १.५ लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आहे. टर्बो नाही. व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग (व्हीव्हीटी, व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ बदलणारी सोय) फक्त इनलेट कॅमवर, म्हणजे हवा आत घेणारे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर आहे, एक्झॉस्ट कॅम जागच्या जागी पक्का. गाडीच्या निदानाच्या (ओबीडी) सॉकेटला लावायचा छोटा स्कॅनर घेतला आणि मोकळ्या सरळ रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये, पॅडल तळाला लावून, मिनिटाला १५०० पासून ६००० फेऱ्यांपर्यंत नोंदी घेतल्या. असं तीनदा केलं. तिन्ही आलेख जवळजवळ एकावर एक बसले.

इनलेट कॅमचा ॲडव्हान्स, म्हणजे तो मूळ जागेपासून किती अंश पुढे फिरलाय, असा दिसतो: आयडलिंगला ०. पूर्ण पॅडलवर १५०० ला २८ अंश, २५०० ला ३४, ४००० ला २२, ५००० ला १३ आणि ६००० ला जेमतेम ६.

मला हे उलटं वाटतं. फेरे वाढले की हवा आत यायला वेळ कमी मिळतो. मग व्हॉल्व्ह लवकर उघडायला हवा ना? स्पार्कचं टायमिंगसुद्धा फेऱ्यांबरोबर ॲडव्हान्स होत जातं. इथे मात्र २५०० नंतर कॅम सरळ मागे येतोय. चेक इंजिनचा दिवा नाही, कुठलाही दोषाचा कोड नाही, गाडी छान ओढते. सेन्सर चुकतोय की माझी समजूत?

डिग्रीव्हील:

सेन्सर बरोबर आहे. एकदा मोजून थांबला नाहीत, तीनदा मोजलंत, याचा मला मनापासून आनंद झाला, कारण त्यामुळे आपल्याला अंदाजांवर बोलावं लागणार नाही.

मी गेली बावीस वर्षं सिलिंडर हेडचं काम करते. सीट कापणं, गाइड बदलणं, व्हॉल्व्ह लॅप करणं, आणि हेड बसवल्यावर क्रँकला, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याला, अंशांची चकती लावून व्हॉल्व्ह नक्की कधी उघडतो-मिटतो ते तपासणं. त्या चकतीवरूनच हे नाव घेतलं. या कामात शिकलेली सगळ्यात मोठी गोष्ट तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे: इनलेट व्हॉल्व्ह कधी उघडतो हे थोडा वेळ बाजूला ठेवा. तो कधी मिटतो ते बघा.

तुमच्या इंजिनातला फेजर, म्हणजे कॅमची वेळ बदलणारा भाग, कॅमचा आकार बदलत नाही. कॅमची नाकं, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारे उंचवटे, पोलादात घासून कायमची ठरलेली आहेत. व्हॉल्व्ह एकूण किती अंश उघडा राहणार आणि किती उचलला जाणार, हे फेजरच्या हातात नाही. तो फक्त अख्खा कॅम क्रँकच्या मानाने पुढे किंवा मागे फिरवतो. टेबलावरची फूटपट्टी सरकवा, एक टोक जेवढं सरकतं तेवढंच दुसरंही सरकतं, लांबी तीच राहते. व्हॉल्व्ह लवकर उघडायला लावलात तर तो लवकर मिटणारच. यातून सुटका नाही. म्हणून प्रश्न असा उरतो की दोन टोकांपैकी कुठल्या टोकाचं ऐकायचं, आणि पूर्ण पॅडलवर ऐकायचं ते मिटण्याच्या टोकाचं.

सोपे आकडे धरू. समजा शून्य ॲडव्हान्सला व्हॉल्व्ह टीडीसीला, म्हणजे पिस्टन अगदी वर असताना उघडतो आणि बीडीसीनंतर ६० अंशांनी मिटतो. बीडीसी म्हणजे पिस्टन अगदी खाली. एकूण २४० अंश. इथे पुष्कळांना पहिला धक्का बसतो: सक्शन स्ट्रोक १८० अंशांत संपला, पिस्टन वर निघाला, तरी व्हॉल्व्ह उघडाच! आणि थोडाथोडका नाही. नेहमीच्या कनेक्टिंग रॉडच्या लांबीला बीडीसीनंतर ६० अंशांवर पिस्टन स्ट्रोकचा जवळपास पाचवा भाग वर चढलेला असतो. तोच कॅम ३० अंश ॲडव्हान्स करा, म्हणजे व्हॉल्व्ह बीडीसीनंतर ३० अंशांवर मिटेल. तेव्हा पिस्टन जेमतेम पाच टक्के वर आलेला असतो.

पिस्टन वर चढताना व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा कशाला? हवेला वजन असतं आणि वेग असला की जोर असतो. ८५ मिलिमीटर स्ट्रोकच्या इंजिनात ६००० फेऱ्यांना पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १७ मीटर होतो, आणि पोर्ट, म्हणजे व्हॉल्व्हकडे येणारी हवेची वाट, सिलिंडरपेक्षा अरुंद असल्यामुळे पोर्टमधली हवा त्याच्या कितीतरी पट वेगानं धावत असते. पिस्टन खाली थांबला म्हणून ती थांबत नाही. मागून रेटा असतो, ती आत घुसतच राहते, पिस्टन वर येऊ लागला तरी काही क्षण त्याला न जुमानता सिलिंडर भरत राहते. हे फुकटचं भरण आहे, आणि व्हॉल्व्ह लवकर मिटवलात तर ते तुम्ही दाराबाहेर ठेवलंत.

आता १५०० फेऱ्या घ्या. वेग चौथ्या हिश्शावर आला, आणि जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे घटतो, म्हणजे सोळाव्या हिश्शावर. शिवाय ६००० ला ६० अंश म्हणजे सुमारे १.७ मिलिसेकंद, तर १५०० ला तेच ६० अंश म्हणजे जवळपास ६.७ मिलिसेकंद. हवेत दम उरलेला नाही आणि पिस्टनला तिला ढकलायला चौपट वेळ आहे. मग आत आलेली हवा तो सरळ परत मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा आणणाऱ्या नळ्यांमध्ये, लोटतो. कमी फेऱ्यांना व्हॉल्व्ह लवकर मिटवून टाकायचा तो यासाठी.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. शिकत असताना आमच्याकडे एक कार्ब्युरेटरचं इंजिन आलं होतं, शर्यतीचा लांब कॅम घातलेलं. फिल्टर काढून कमी फेऱ्यांवर पॅडल उघडलं की कार्ब्युरेटरच्या तोंडावर पेट्रोलचं धुकं तरंगत राहायचं. आत गेलेलं मिश्रण परत बाहेर येत होतं, पुन्हा ओढलं जात होतं, पुन्हा बाहेर. फेरे चढले की ते धुकं एकदम आत ओढलं जायचं आणि इंजिनाचा आवाजच बदलायचा. माझ्या वरिष्ठांनी तेव्हा काहीच समजावलं नाही, फक्त बोट दाखवलं. तेवढं पुरेसं होतं.

स्पार्कशी तुलना केलीत ती खरं तर फार जवळची आहे, फक्त दिशा चुकली. मिश्रण जळायला जो वेळ लागतो तो फेऱ्यांच्या हिशेबानं कमी होत नाही, म्हणून जास्त फेऱ्यांना त्याच वेळात क्रँक जास्त अंश फिरतो. ते जास्तीचे अंश मिळावेत म्हणून ठिणगी आधी पाडावी लागते. हवेचा रेटा ओसरायलाही असाच काही वेळ लागतो. जास्त फेऱ्यांना त्या वेळात क्रँक जास्त अंश फिरतो, म्हणून व्हॉल्व्ह जास्त अंश उशिरा मिटवायचा. कारण एकच. ठिणगीला जागा घटनेच्या आधी करून द्यावी लागते, इनलेटला नंतर.

आयडलिंगला शून्य का, तेही सांगते. तिथे मिटण्यापेक्षा उघडण्याचं टोक महत्त्वाचं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह टीडीसीच्या थोडा नंतर मिटतो. इनलेट आधी उघडला तर काही अंश दोन्ही उघडे राहतात, त्याला ओव्हरलॅप म्हणतात. आयडलिंगला थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणारी झडप, जवळपास बंद असतो, मॅनिफोल्डमध्ये दाब बाहेरच्या हवेच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. दोन्ही दारं उघडी मिळाली की जळलेला वायू उलटा इनलेटकडे धावतो, पुढच्या खेपेला ताज्या मिश्रणात मिसळतो आणि इंजिन अडखळतं. म्हणून आयडलिंगला ओव्हरलॅप कमीत कमी, कॅम मागे.

आलेखवेडा:

हे वाचून दोन वर्षांचा गोंधळ सुटला. कार्ब्युरेटरवरच्या धुक्याचं वर्णन तर विसरणार नाही. आता पुढचा प्रश्न: चेन एकीकडे क्रँकला बांधलेली, दुसरीकडे कॅमला. दोन्ही फिरतायत. मग चालू इंजिनात ३४ अंशांचा फरक पडतो कसा?

डिग्रीव्हील:

चेन कॅमला बांधलेली नसते. ती फेजरच्या बाहेरच्या घराला बांधलेली असते, आणि कॅम घराच्या आतल्या रोटरला. मधे तेल.

एक फेजर आत्ता माझ्या टेबलावर उघडा पडलाय, त्याचंच सांगते. हाताच्या तळव्यावर मावेल एवढी जाड चकती, बाहेरून दाते. पुढचं झाकण काढलं की आत चार पाकळ्यांचा रोटर दिसतो. बाहेरच्या घराला आतून चार आडव्या भिंती आहेत आणि प्रत्येक दोन भिंतींमध्ये एक पाकळी बसते. पाकळीच्या एका बाजूला एक कप्पा, दुसऱ्या बाजूला दुसरा. एका बाजूच्या कप्प्यांत इंजिन ऑइल भरलं आणि दुसऱ्या बाजूच्या कप्प्यांतलं सोडून दिलं की रोटर घराच्या मानाने फिरतो, आणि त्याच्यासोबत कॅम. चेनला याचा पत्ताही लागत नाही. प्रत्येक पाकळीच्या टोकाला पातळ सील असतं, मागून बारीक पट्टीची स्प्रिंग. घर आणि रोटर यांच्या मधली फट इतकी बारीक असते की उघडताना कपड्याचा एक धागासुद्धा आत जाऊ नये म्हणून मी हात पुन्हा धुते.

हा फेजर कॅमचे २५ अंश फिरतो. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो, म्हणून क्रँकच्या भाषेत ते ५० अंश झाले. स्कॅनर सहसा क्रँकचे अंश दाखवतो, काही मॅन्युअलमध्ये कॅमचे असतात, आणि या एका गोष्टीवरून मी लोकांना तासन् तास वाद घालताना पाहिलंय. आकडा कुणाचाही असो, आधी विचारा, कुठले अंश?

तेल कुठल्या बाजूला जाणार ते ठरवतो सोलेनॉइड, म्हणजे ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह. आत एक दांडी पुढेमागे सरकते. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, तिला सेकंदाला पुष्कळ वेळा चालू-बंद करून वीज देतो. वीज निम्म्याच्या आसपास असली की दांडी मध्यावर, दोन्ही वाटा बंद, कॅम आहे तिथे धरून ठेवलेला. जास्त दिली की एकीकडे, कमी केली की दुसरीकडे. क्रँकचा सेन्सर आणि कॅमचा सेन्सर यांच्यातला फरक बघून ईसीयू सतत ताडत असतो की कॅम हवा तिथे पोहोचला का. तुमच्या आलेखातली रेघ त्या ताडण्यातूनच आली.

इंजिन बंद असताना तेलाचा दाब नसतो. तेव्हा रोटर आतल्या आत आपटू नये म्हणून एक लॉक पिन असते. बंद करताना इनलेट कॅम पूर्ण मागे येतो आणि पिन भोकात बसते. सुरू झाल्यावर दाब तयार झाला की तेलच पिनला मागे ढकलतं. आणखी एक बारकावा मला फार आवडतो. कॅमला व्हॉल्व्हच्या स्प्रिंग ढकलायच्या असतात, घर्षण असतं, म्हणून त्याचा कल नेहमी मागे रेंगाळण्याकडे. इनलेट फेजरला हे सोयीचं, कारण त्याची विश्रांतीची जागा मागेच आहे. पण एक्झॉस्ट कॅमची विश्रांतीची जागा पुढे असते, कारण तो जितका पुढे तितका ओव्हरलॅप कमी. म्हणून एक्झॉस्ट फेजरवर बहुधा एक घड्याळी स्प्रिंग दिसते, कॅमला पुढे खेचून आणायला. दोन फेजर शेजारी ठेवले की ती स्प्रिंग बघून कुठला कुठला हे बऱ्याचदा ओळखता येतं. काही नव्या इंजिनांत पिन मधल्या जागी बसते, तिथे हिशेब वेगळा.

जुनेअंक:

वरचं सगळं अगदी नेमकं आहे. थोडा इतिहास जोडतो, कारण इथे बरेचदा व्हीटेक आणि व्हीव्हीटी एकच समजून चर्चा होते.

विक्रीच्या मोटारीत व्हीव्हीटी पहिल्यांदा आणलं अल्फा रोमियोनं, १९८० च्या स्पायडरमध्ये. दोनच जागा होत्या, पुढे किंवा मागे. १९९२ मध्ये बीएमडब्ल्यूनं व्हॅनोस आणलं, तिथे पाकळ्यांऐवजी तिरक्या दात्यांचा गिअर तेलाच्या दाबानं सरकायचा आणि सरकता सरकता कॅमला फिरवायचा. होंडाचं व्हीटेक १९८९ चं, इंटेग्रामध्ये, आणि त्याची कल्पना मुळात निराळी. तिथे कॅम पुढेमागे होत नाही, नाकच बदलतं. दोन व्हॉल्व्हसाठी कॅमवर तीन नाकं, मधलं उंच आणि लांब. कमी फेऱ्यांना मधला रॉकर, म्हणजे नाकानं हलणारी दांडी, नुसताच हलतो. सुमारे ५००० च्या पुढे तेलाच्या दाबानं पिना सरकतात, तिन्ही रॉकर एकत्र जखडले जातात आणि सगळे उंच नाकावर चालू लागतात. १.६ लिटरमधून १६० पीएस (अश्वशक्ती), तेही टर्बोशिवाय, आणि आयडलिंग मात्र शांत. फूटपट्टीच्या भाषेत सांगायचं तर तिथे पट्टीच बदलून लांब घेतात. पुढे २००१ च्या सुमारास होंडानं दोन्ही एकत्र केलं, नाक बदलणं आणि फेजर, आणि त्याला आय-व्हीटेक म्हटलं.

त्याच वर्षी बीएमडब्ल्यूच्या व्हॅल्व्हट्रॉनिकनं व्हॉल्व्ह किती उचलायचा हेच सलग बदलता यावं अशी सोय केली, इतकी की हवा मोजून द्यायला थ्रॉटलची गरजच जवळपास संपली. फियाटनं २००९ मध्ये मल्टीएअरमध्ये कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्या मधे तेलाचा स्तंभच घातला. व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ सलग बदलणारी रचना ह्युंदाईनं २०१९ मध्ये दाखवली. मला वैयक्तिकरीत्या यातली सगळ्यात सुंदर कल्पना तीन नाकांचीच वाटते.

सकाळचीखडखड:

ताई, थोडं विषयाला सोडून विचारते. माझ्या गाडीला सकाळी पहिल्यांदा सुरू केल्यावर दोन-तीन सेकंद पुढून खडखड आवाज येतो, मग थांबतो. गेल्या आठवड्यात चेक इंजिनचा दिवा लागला, कोड पी००११. फेजर बदलायला सांगतायत. खर्च मोठा आहे. खरंच फेजरच असेल का?

डिग्रीव्हील:

विषयाला सोडून मुळीच नाही. पी००११ चा अर्थ एवढाच की इनलेट कॅम ईसीयूनं सांगितलेल्या जागी नाही, हवा त्यापेक्षा पुढे राहिलाय किंवा सांगितल्याप्रमाणे हलत नाही. दोष कुणाचा ते कोड सांगत नाही. आणि खडखड व कोड यांचं मूळ एकच असेल असंही नाही.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, तिची मला अजून टोचणी आहे. काही वर्षांपूर्वी अगदी हाच कोड घेऊन एक गाडी आली. मी फेजर काढला, नवा बसवला, चेन लावली, दोन दिवस गेले. गाडी दिली आणि चौथ्या दिवशी तोच कोड परत. मग मी जे पहिल्या तासात करायला हवं होतं ते केलं. ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह बाहेर काढला. त्याच्या तेलाच्या वाटेत नखाएवढी एक जाळी होती, ती काळ्या गाळानं पूर्ण बुजलेली. तेल फेजरपर्यंत पोहोचतच नव्हतं. जाळी धुतली, ऑइल आणि फिल्टर बदललं, कोड गेला. काढलेला फेजर ठणठणीत होता. त्या माणसाचे फेजरचे पैसे मी परत केले, आणि तेव्हापासून फेजरला हात लावण्याआधी मी ठरलेल्या क्रमानं जाते.

आधी डिपस्टिक काढा. पातळी किती, तेल किती जुनं, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्याच ग्रेडचं आहे का. जाड तेल थंडीत बारीक वाटांमधून वेळेवर पोहोचत नाही, फार पातळ तेल गरम झाल्यावर आयडलिंगला दाब धरत नाही. फेजरच्या दृष्टीनं तेल हे फक्त वंगण नाही, तेच त्याचे स्नायू आहेत.

मग सोलेनॉइडचा प्लग काढून मल्टीमीटर लावा. पुष्कळ गाड्यांत रोध ७ ओहमच्या आसपास येतो, तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. त्यानंतर इंजिन गरम करून आयडलिंगवर सोलेनॉइडला काही क्षण बॅटरीचे १२ व्होल्ट द्या. साध्या इनलेट फेजरच्या इंजिनात कॅम एकदम पुढे जाईल, ओव्हरलॅप वाढेल आणि इंजिन लटपटेल किंवा बंद पडेल. इथे इंजिन बंद पडणं ही चांगली बातमी आहे, कारण सोलेनॉइड, तेल आणि फेजर तिघंही हलतायत हे कळतं. काहीच फरक पडला नाही तर सोलेनॉइड काढून जाळी बघा. हे काम ज्याला वायरिंगची सवय आहे त्याच्याकडूनच करून घ्या, उलटसुलट तारा लावून ईसीयू जाळू नका.

आवाजाचं म्हणाल तर, दोन-तीन सेकंदांत थांबणारी खडखड दोन कारणांनी येऊ शकते. लॉक पिन किंवा तिचं भोक झिजलं असेल तर दाब येईपर्यंत रोटर घराच्या भिंतींवर आपटतो. किंवा चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरमधलं तेल रात्रभरात उतरून जातं आणि चेन सैल वाजते. दोन्ही आवाज कानाला फार सारखे. पिन झिजली असेल तर फेजरच बदलावा लागतो, तिथे काटकसर करू नका. पण ते ठरवण्याआधी जाळी बघा, ही विनंती.

सकाळचीखडखड:

जाळी अर्धी बुजलेली निघाली. ऑइल बदललं, कोड अजून परत आलेला नाही. खडखड मात्र आहेच.

डिग्रीव्हील:

मग कोडचं कारण बहुधा सापडलं. खडखडीसाठी आता झाकण उघडून चेनची ओढ आणि टेन्शनर किती बाहेर आलाय ते बघायला सांगा. टेन्शनर शेवटच्या दात्यांपर्यंत आला असेल तर चेन लांबलीय. ते ठीक असेल तर फेजर. आता त्यांनी फेजर म्हटलं तर त्यांचं ऐका.

आलेखवेडा:

मी दोन गोष्टी घेऊन आलोय. पहिली: हळू चालवताना, पॅडल थोडंसंच दाबून २००० ला, ॲडव्हान्स १८ च्या आसपास राहतो. पण मित्राच्या हायब्रिड गाडीवर स्कॅनर लावला तर तिथे हलक्या भाराला कॅम चांगलाच मागे असतो. एकच परिस्थिती, दोन उलटी उत्तरं?

डिग्रीव्हील:

हो, आणि दोन्ही बरोबर. हलक्या भाराला सिलिंडर पूर्ण भरायचाच नसतो. अडचण अशी की थ्रॉटल अर्धवट बंद ठेवला की पिस्टनला दर सक्शनला पोकळीविरुद्ध ओढावं लागतं, इंजेक्शनच्या सिरिंजचं तोंड बोटानं दाबून दट्ट्या ओढण्यासारखं. त्यात पेट्रोल वाया जातं. ही ओढ कमी करायच्या दोन वाटा आहेत.

तुमच्या इंजिनानं ओव्हरलॅपची वाट घेतली. थोडा जळलेला वायू मुद्दाम आत राहू द्यायचा. तो जागा भरतो, मग थ्रॉटल थोडा जास्त उघडावा लागतो, ओढ कमी होते. शिवाय ज्वलनाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजनची ऑक्साइडं कमी तयार होतात. आयडलिंगला जो वायू त्रास देतो तोच इथे उपयोगी पडतो.

हायब्रिडनं मिटण्याची वाट घेतली. व्हॉल्व्ह फार उशिरा मिटवायचा, पिस्टनला थोडी हवा परत मॅनिफोल्डमध्ये लोटू द्यायची. माझ्या त्या कार्ब्युरेटरवरचं धुकं आठवा, तेच इथे जाणूनबुजून. दाबायला हवा कमी उरते, पण प्रसरणाला स्ट्रोक पूर्ण मिळतो, म्हणजे त्याच पेट्रोलमधून जास्त काम. जेम्स अ‍ॅटकिन्सननं १८८० च्या दशकात हे क्रँकच्या गुंतागुंतीच्या सांध्यांनी साधलं होतं. १९९७ च्या प्रियसनं तेच नुसत्या व्हॉल्व्हच्या वेळेनं साधलं. कमी फेऱ्यांना ताकद घटते ती भरून काढायला तिथे विजेची मोटर असते. तुमच्या गाडीत ती नाही, म्हणून ती वाट तुमच्या इंजिनाला तितकी परवडत नाही. हायब्रिडचं इंजिन वारंवार बंद-चालू होतं, त्यामुळे तेलाच्या दाबाची वाट न बघणारा, विजेच्या मोटरनं फिरणारा फेजर तिथे विशेष सोयीचा. तसा फेजर लेक्ससच्या एलएस ४६० मध्ये २००६ सालीच आला होता.

दुसरी गोष्ट कुठली?

आलेखवेडा:

दुसरी सांगायला मी अधीर झालोय. तुम्ही म्हणालात की हवेचा रेटा ओसरायला काही वेळ लागतो. म्हणून मी अंशांचे मिलिसेकंद केले. वर्कशॉप मॅन्युअलमध्ये सापडलं की माझ्या इंजिनाचा इनलेट व्हॉल्व्ह शून्य ॲडव्हान्सला बीडीसीनंतर ५८ अंशांनी मिटतो. त्यातून ॲडव्हान्स वजा केला आणि फेऱ्यांनी भागलं.

२५०० ला २४ अंश, म्हणजे १.६ मिलिसेकंद. ४००० ला ३६ अंश, १.५. ५००० ला ४५ अंश, पुन्हा १.५. ६००० ला ५२ अंश, १.४४.

फेरे अडीचपट झाले आणि वेळ जवळजवळ तीच! रात्री साडेअकराला हा तक्ता समोर आला तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. फक्त १५०० चा बिंदू बसत नाही. तिथे ३० अंश म्हणजे ३.३ मिलिसेकंद येतात.

डिग्रीव्हील:

मीही तुमचा तक्ता दोनदा हातानं करून बघितला. फार सुरेख काम केलंत.

जपून एवढंच: याला नियम म्हणू नका. मॅन्युअलमधला मिटण्याचा अंश किती लिफ्टला, म्हणजे व्हॉल्व्ह किती उचललेला असताना, मोजलाय ते तिथेच कुठेतरी लिहिलेलं असेल, ते बघा. शेवटच्या काही अंशांत व्हॉल्व्ह इतका थोडा उघडा असतो की त्यातून फारसं काही जात नाही, म्हणजे खरी वेळ तुमच्या आकड्याहून थोडी कमी. पोर्टमध्ये दाबाच्या लाटाही पुढेमागे धावत असतात आणि इनलेटच्या नळ्यांच्या लांबीप्रमाणे कुठल्या फेऱ्यांना त्या मदतीला येतात, कुठल्या फेऱ्यांना आड येतात. तरीही २५०० ते ६००० तुम्ही जे पकडलंय ते खरं आहे. फेजर हवेच्या घड्याळावर चालतोय.

आता १५००. तिथे दीड मिलिसेकंदात मिटवायचं तर बीडीसीनंतर १३-१४ अंशांवर मिटवावा लागेल, म्हणजे सुमारे ४४ अंश ॲडव्हान्स. फूटपट्टीचं दुसरं टोक आठवा, इनलेट तितकाच लवकर उघडेल. ओव्हरलॅप इतका मोठा होईल की शेजारच्या सिलिंडरनं सोडलेल्या एक्झॉस्टचा धक्का तेवढ्यात परत येऊन जळलेला वायू आत ढकलेल. चार सिलिंडरच्या इंजिनात हे होतंच. त्यामुळे तिथे मिटण्याच्या टोकाला माघार घ्यावी लागते आणि उघडण्याच्या टोकाचं ऐकावं लागतं. ज्यांच्या एक्झॉस्ट कॅमवरही फेजर असतो त्यांना इथे मोकळीक मिळते, एक्झॉस्ट लवकर मिटवला की ओव्हरलॅप आवरता येतो.

हे माझं म्हणणं तुम्हीच तपासू शकता. १५०० ते २५०० मध्ये दर २५० फेऱ्यांना नोंद घ्या, इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, आणि या वेळी मॅनिफोल्डच्या दाबाचा रकानाही चालू ठेवा. वेळेची रेघ कुठे वाकते ते बघायचंय.

आलेखवेडा:

रविवारी पहाटे रस्ता मोकळा असतो, तेव्हा घेतो. दाबाचा रकाना स्कॅनरमध्ये आहे, आत्ताच बघितलं.